सातवा रकाना

वहीत सहा रकाने भरत आले होते :
तिथी, जागा, विधी, कोण करतो, कशासाठी,
कोंबडा की नारळ.
सातव्याच्या डोक्यावर मी लिहून ठेवलं होतं : चेटूक.
खाली सगळं कोरं.

बाकी खारवण्यात कुणी काही लपवलं नाही.
तातो घाडीनं देवचाराची वाट पायानं आखून दाखवली,
अवसेला विडी कुठल्या दगडावर ठेवायची
आणि सकाळी ती ओढलेली कशी सापडते, तेही.
होळीची राख कपाळाला किती, शेतात किती,
चावदिसाला कारीट डाव्याच अंगठ्यानं का फोडायचं.
रेकॉर्डर त्याच्या पंचावर पडून सगळं ऐकायचा.
चेटूक म्हटलं, की तातो सुपारी हुडकायला लागायचा.
“ता आमच्यात नाय. ता थंय.”
आणि अडकित्ता खाडीकडे तोंड करून उघडायचा.

थंय म्हणजे वेशीच्या धोंड्यापलीकडे,
कांदळवनाच्या कडेला, आवडूचं खोपटं.
तिच्या नजरेनं मेस्त्र्यांची म्हैस आटली होती.
तिच्यामुळे बंद्यांचा मुलगा परत आला नव्हता.
मी चौकशी केली. म्हशीची कास सुजलेली होती.
मुलगा मस्कतला आहे, फोन करत नाही.

मी गेले तेव्हा ती तिसऱ्या निवडत होती.
“इचार. पण हात चलतलो माजो.”
मी मंत्र विचारला.
तिनं पाण्याच्या वेळा सांगितल्या,
अष्टमीला भांग, अवसेला उधाण,
आणि उधाणाला कुठल्या माडाच्या बुंध्यापर्यंत.
मी मूठ विचारली.
तिनं मूठ उघडली. चार तिसऱ्या, त्यातली एक मेलेली.
“ही टाकूची. वास मारता.”

मग मार्गशीर्षात कौल लागला.
देवाच्या अंगावरचा उजवा तांदूळ आधी पडला
आणि गाव पळायचं ठरलं.
तीन रात्री आत माणूस नको, दिवा नको,
कोंबड्याची बांगसुद्धा नको.
ढोल वाजला तसे निघाले सगळे :
डालग्यातल्या कोंबड्या, दोरीला कुत्री,
कुकर, साखरेच्या गोळ्या, झोळीतलं मूल,
म्हशीचं शेपूट धरून मेस्त्री.
धोंडा ओलांडला आणि उतरले
जिथं जमीन सपाट, पाणी गोडं.
म्हणजे आवडूच्या दारात.
मला हे आधी कळायला हवं होतं.
नकाशा माझ्याच पिशवीत होता.

तीन रात्री तिच्या विहिरीत
एकीच्या कळशीवर दुसरीची कळशी आपटत होती.
तिच्या चुलीतला विस्तव मेस्त्र्यांच्या सुनेनं खापरात नेला,
मग मीठ नेलं, मग आणखी मीठ.
म्हैस तिच्या हातचा पेंढा खाऊन शांत रवंथ करत राहिली.
बंद्यांची म्हातारी तिच्या वाकळेत झोपली
आणि झोपेत मुलाचं नाव घेत राहिली.
पोरं तिला काकी म्हणत होती.
तातो तिच्याच अंगणात सुपारी कातरत होता.
मागे काळोखात गाव, एकही कवाड न वाजणारं.
“आता थंय कोण असतला?” मी त्याच्याच बोलीत विचारलं.
“ज्येंचो गाव तेच,” तो म्हणाला,
आणि अर्धं खांड आवडूला दिलं.

चौथ्या दिवशी परतीचा कौल.
झाप उपटले, कुत्री पुढे धावली.
जाता जाता मेस्त्र्यांची सून वाटेवर थांबली,
तीन रात्री इथंच झोपलेल्या पोरावरून
मिरच्या, मोहरी, मीठ उतरवलं
आणि खोपटाच्या दिशेला भिरकावलं.
आवडू दारातून बघत होती.
“मीठ माजाच,” म्हणाली. इतकंच.

दुपारी ती बावीस चुलींची राख भरत होती.
मी वही काढली, सातव्या रकान्यात लिहिलं :
दर तीन वर्षांनी, तीन रात्री, बंद.
“काय लिवलंस?”
मी वाचून दाखवलं.
तिनं सूप माझ्या हातात दिलं.
“ह्या राखेन लाल भाजी बरी येता,” म्हणाली,
“धर नीट. वारो सुटलोहा.”